ओव्हाळांच्या तीन ओळी

यंदाच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत बातमी होती की बी विंगमधले रतन ओव्हाळ एका नॉर्वेच्या बाईच्या नादी लागलेत. बातमी पक्की होती, कारण ती मीच पसरवली होती. आणि पुराव्याशिवाय मी काही पसरवत नाही. पुरावा एक, ओव्हाळांनी कचेरीतून तीन दिवस रजा घेतली होती. सख्ख्या मेहुणीच्या लग्नाला ह्या माणसाला अर्धा दिवस मिळाला होता. पुरावा दोन, रोज दुपारी साडेबाराला ते लॅपटॉपसमोर असे बसायचे, जसं कुणी स्टँडवर गाडीची वाट बघत बसावं. पुरावा तीन, पत्र आलं की चष्मा पुसून दोनदा वाचायचे. बाईचं नाव इंग्रिड. हे मी स्वतः पाहिलं, त्यांचं वर्तमानपत्र परत करायला गेलो होतो तेव्हा, त्यांच्या खांद्यावरून.

दोन दिवसांत त्यांच्या बायकोने, सोनालीवहिनींनी, मला जिन्यात गाठलं.

"लिमये, बाई असती तर बरं झालं असतं. जेवायला बोलावली असती, समोरासमोर बघितलं असतं हिच्यात एवढं काय आहे ते. ही भाषा आहे. कॉम्प्युटरची. हिला कुठे बोलवू?"

तर बातमी चुकीची होती, पण फार नव्हे. इंग्रिडबाई त्या भाषेचं काम बघणाऱ्या मंडळातल्या. नादी लागले होते ते भाषेच्या, आणि तेही ह्या मेमध्ये नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी.

भाषेचं नाव सॉरेल. सॉरेल म्हणजे तिकडचा चुका, आपल्याला मंडईत जुडीने मिळतो तो. असलं नाव ठेवणाऱ्यांनी ती भाषा विकायला काढली नव्हती हे उघड आहे. मी एकदा ओव्हाळांना विचारलं होतं, हिच्यात वेगळं काय? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. कप खाली ठेवून बोलायचा हा त्यांचा एकच विषय आहे.

"नेहमीच्या भाषांत कसं असतं," ते म्हणाले, "डब्याला नाव द्यायचं आणि आत वाट्टेल ते भरायचं. सकाळी साखर, दुपारी मीठ. कुणी कधी काय भरलं, पत्ता लागत नाही. सॉरेलमध्ये एकदा साखर म्हटलं की साखर. मीठ पाहिजे? नवा डबा घ्या. त्यामुळे तीच गोष्ट विचारली की तेच उत्तर. आज विचारा, वर्षाने विचारा. फंक्शनल म्हणतात ह्या पद्धतीला."

"म्हणजे आपल्याकडच्या दुकानदारासारखी. आहे का? नाही. पुन्हा विचारलं तरी नाही."

"तो न ऐकता सांगतो. ही ऐकून सांगते," ओव्हाळ म्हणाले, आणि कप उचलला. विषय संपला.

ओव्हाळ मूळचे दापोडीचे. वडील खडकीच्या कारखान्यात फिटर. घरात पहिला पदवीधर हा, कॉम्प्युटर शिकलेला वस्तीतला पहिला हा. १९९८ साली कॉलेजात एक पाहुणे मास्तर सहा आठवड्यांसाठी आले, त्यांनी सॉरेल शिकवली आणि गेले. पुढच्या वर्षी ती अभ्यासक्रमातून काढली, मुलांना जड जाते म्हणून. पंचेचाळीस मुलांपैकी चव्वेचाळीस सुटकेचा श्वास सोडून पुढे गेली. पंचेचाळिसावा आमच्या वरच्या मजल्यावर राहतो.

तेव्हापासून ओव्हाळांच्या बायोडेटात शेवटच्या ओळीत सॉरेल असं लिहिलेलं असतं. इतक्या वर्षांत, इतक्या मुलाखतींत, दोनच माणसांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. एकाला ते एखाद्या कंपनीचं नाव वाटलं. दुसऱ्याने विचारलं, "अजून जिवंत आहे का ती?" त्या दुसऱ्याला मिठी मारावीशी वाटली होती, असं ओव्हाळ सांगतात. नोकरी त्याने दिली नाही.

नोकरी मिळाली ती खराडीला. एकोणीस वर्षं झाली. काचेची इमारत, अकरावा मजला, कोथरूडहून जायला दीड तास आणि यायला त्याहून जास्त. काम काय, तर एका परदेशी विमा कंपनीचा जुना प्रोग्राम सांभाळणं. सांभाळणं म्हणजे त्याला हात न लावणं. दुसऱ्या कुणाला लावायचा असेल तर त्याने फॉर्म भरायचा, ओव्हाळांनी तपासायचा, वर पाठवायचा. कचेरीत स्वतःच्या हाताने प्रोग्रामची शेवटची ओळ लिहिली ती २०१४ च्या ऑगस्टमध्ये. तारीखही सांगतात. मी विचारली नव्हती.

सॉरेलची नवी आवृत्ती वर्षा-दीड वर्षाने येते, आणि तिच्याबरोबर एक यादी येते: ह्या खेपेला ज्यांनी लिहिलेल्या ओळी भाषेत गेल्या त्यांची नावं. शे-दीडशे नावं, फिनलंडपासून ब्राझीलपर्यंत. ओव्हाळ ती यादी वरपासून खालपर्यंत वाचतात. आपलं नाव तिच्यात नाही हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला माहीत असणार? तरी वाचतात. सोनालीवहिनी म्हणाल्या, "आडनाव ओ ने सुरू होतं ना, तिथे जरा थांबतात." एवढीच ह्या माणसाची हाव. पगार वाढावा, गाडी यावी, असलं काही मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्या भाषेच्या पोटात आपली एक ओळ असावी, आणि यादीत नाव.

आता मेमधली गोष्ट.

नवी आवृत्ती एकदम येत नाही. आधी चाचणीची येते. जगभरच्या हौशी लोकांनी आपापले जुने प्रोग्राम तिच्यावर चालवून बघायचे, काही बिघडलं तर कळवायचं, मग महिनाभराने पक्की. ओव्हाळांची तीन दिवसांची रजा त्याच्यासाठी होती. त्यांच्याकडे चालवून बघायला प्रोग्राम एकच आहे, पण खरा आहे, रोजच्या उपयोगाचा आहे. त्यांच्या आई, यमुनाबाई, ज्या विहारात जातात तिथे दर पौर्णिमेला कार्यक्रम असतो. वर्षाच्या पौर्णिमांचं कार्ड जानेवारीत छापतात. त्याच्या तारखा ओव्हाळ काढून देतात, सॉरेलमध्ये, गेली चौदा वर्षं. कार्ड त्यांच्या फ्रिजवर लावलेलं असतं.

मी गेलो तेव्हा (वर्तमानपत्र घ्यायला. परत करायला गेलो होतो तो दिवस वेगळा) यमुनाबाई फ्रिजसमोर स्टुलावर बसून कार्ड वाचत होत्या आणि ओव्हाळ पडद्याशी ताडून बघत होते.

"एक मे," यमुनाबाई.

"एक मे. बरोबर."

"एकतीस मे."

ओव्हाळांनी चष्मा काढून पुसला.

"एकतीस मे, रतन."

"एकोणतीस जून आहे इथे."

"ती फुडची. मधली कुठं गेली?"

"आणि खाली पुन्हा एकोणतीस जून."

"मग तुझं मशीन झोपलं आसंल," यमुनाबाई म्हणाल्या. "हे कार्ड तूच काढलंयस. बराबर हाय."

पुढचे दोन दिवस ओव्हाळ स्वतःचीच चूक शोधत होते. हा माणूसच असा आहे. लिफ्ट बंद पडली तर आधी बघतो, आपण बटण नीट दाबलं होतं का. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दारात.

"लिमये, पंचांग आहे का घरात?"

"आहे. पण ओव्हाळ, तुम्हाला हो काय करायचंय पंचांग?"

"का? चंद्र एकट्या लिमयांचा आहे?"

मी पंचांग काढून दिलं. त्याच वेळी आमच्या स्वयंपाकघरात अनारशांचं पीठ भिजत होतं, कारण सतरा तारखेपासून अधिक ज्येष्ठ, धोंड्याचा महिना, आणि जावई जेवायला यायचा होता. ओव्हाळांनी पंचांगाकडे बघितलं, पिठाकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

यंदा ज्येष्ठ दोन. आधी अधिक, मग निज. नाव एक, महिने दोन, पौर्णिमा दोन. जुनी सॉरेल हे बिनबोभाट सांभाळायची. नव्या चाचणीच्या आवृत्तीत तिला जास्त हुशार केली होती: एकदा काढलेलं उत्तर लक्षात ठेव, पुन्हा तेच विचारलं तर उगाच कष्ट नकोत. कल्पना चांगली. पण ती महिन्याचं नाव तेवढं बघत होती, अधिक की निज ते बघतच नव्हती. ओव्हाळांचा प्रोग्राम आधी नेहमीचे बारा महिने विचारतो आणि शेवटी अधिकाचा. तर बाईसाहेब म्हणाल्या, ज्येष्ठ ना? मघाशीच सांगितला. आणि जूनची तारीख पुन्हा पुढे केली. फिनलंडपासून ब्राझीलपर्यंत कुणाला हे दिसलं नाही, कारण त्यांच्या वर्षात एका नावाचा महिना दोनदा येतच नाही. ते दिसायला दापोडीचा रतन ओव्हाळ लागला, आणि फ्रिजवरचं कार्ड.

त्यांनी मंडळाला कळवलं. दुसऱ्या दिवशी साडेबाराला इंग्रिडबाईंचं उत्तर: "तुमच्या यादीत एक महिना चुकून दोनदा लिहिला गेलाय. तो काढा म्हणजे चालेल."

"काढा म्हणते!" मी म्हटलं. "आमचा जावई काय करेल?"

ओव्हाळ चिडले नाहीत. बसून त्यांनी मोठं पत्र लिहिलं. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस तोकडं, ते साठत जातात, मग अडीच-पावणेतीन वर्षांनी एक महिना जास्तीचा धरतात, आणि त्याला पुढच्या महिन्याचंच नाव देतात. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिच्या आयुष्यात असे पंचवीसहून जास्त महिने येऊन गेले, हेही लिहिलं. सोबत माझ्या पंचांगाच्या पानाचा फोटो. मी म्हटलं, जावयाचंही घाला. त्यांनी घातलं: "आमचे शेजारी ह्या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालतात. महिना खरा आहे याची जावयाला खात्री आहे."

एकवीस मे, गुरुवार. ओव्हाळांनी इंग्रिडबाईंचं उत्तर मला वाचून दाखवलं, मराठीत करून, थांबत थांबत. चूक आमची आहे. इतकं सुंदर पत्र ह्या मंडळाला बऱ्याच वर्षांत आलेलं नाही. दुरुस्तीही तुम्हीच लिहून पाठवा. येत्या नाही, त्यापुढच्या शुक्रवारपर्यंत, एकोणतीस तारखेपर्यंत, दुरुस्त्या घेतो आहोत.

वाचून झाल्यावर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली बघण्यासारखं काही नव्हतं, माझी स्कूटर होती. पाच-सात मिनिटं तिच्याकडे बघत होते.

दुरुस्ती त्यांनी आधीच लिहून ठेवली होती. तीन ओळी. मला दाखवल्या. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं नाही, जरा अंतर राखून धरलं, तेव्हा मीही तोंड बंद ठेवलं. माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

आणि इथेच माशी शिंकली. ओळी पाठवताना एका कागदावर सही करावी लागते: ह्या ओळी माझ्या आहेत, माझ्या कचेरीचा त्यांच्यावर हक्क नाही. आणि खराडीच्या कचेरीच्या करारात, एकोणीस वर्षांपूर्वी ज्यावर ओव्हाळांनी सही केली त्यात, लिहिलंय की नोकरीत असेपर्यंत कॉम्प्युटरसाठी जे काही लिहाल ते कंपनीचं. घरी लिहा, रविवारी लिहा. बाहेर कुणाला द्यायचं असेल तर कंपनीची लेखी परवानगी.

"ठोका सही," मी म्हटलं. "कोण बघतंय? तीन ओळी आहेत, तीन एकर नाहीत."

सोनालीवहिनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतात. त्या म्हणाल्या, "आयुष्यात एकदा तरी लिमयांचं ऐका. मी कुणाला सांगणार नाही."

"मला माहीत असेल ना," ओव्हाळ म्हणाले. "सही खोटी आणि खाली माझं नाव. मग ते नाव मी वाचू कसं?"

शुक्रवारी त्यांनी कचेरीत अर्ज दिला. त्यांचा साहेब सौरभ, वय एकतीस, स्वभावाने गोड मुलगा. तो म्हणाला, "सर, हे कशाला विचारताय? कुणीच विचारत नाही." ओव्हाळ म्हणाले, "मी विचारलंय." त्याने तिथल्या तिथे मान्य करून पुढे, कायद्याच्या विभागात पाठवलं. असला कागद किती टेबलांवर थांबतो आणि कुठे किती दिवस झोपतो, हे अख्ख्या इमारतीत ओव्हाळांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? घरी येऊन त्यांनी बोटांवर मोजलं आणि मोजणं मध्येच सोडून हात खिशात घातले.

तो आठवडा वाईट गेला. रोज संध्याकाळी जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी दार उघडायचो, काहीतरी निमित्त काढून. "आलं का?" "नाही." दुसऱ्या दिवशी "आलं का?" "नाही." इंग्रिडबाईंना त्यांनी खरं काय ते कळवलं होतं. त्यांनी लिहिलं की शुक्रवार संपेपर्यंत वाट बघू. मंडळाला माणसं थोडी, तारीख जाहीर झालेली, त्यांचंही काही चुकलं नाही. अशा वेळी कुणाचं काही चुकलेलं नसतं, ह्याचा मला फार राग येतो. मग नाव तरी कुणाला ठेवायचं?

शुक्रवार संपला. शनिवारी बघितलं तर चिली देशातल्या कुणा मुलीने मुदत संपता संपता दुरुस्ती पाठवलेली दिसली. तिचंही बरोबर, चूक उघड्यावर मांडलेली, कुणीही दुरुस्त करावी. ओव्हाळांनी तिच्या ओळी आणि आपल्या ओळी शेजारी शेजारी लावून बघितल्या.

"तिसऱ्या ओळीत तिने एक जागा जास्त सोडलीय," मला म्हणाले. "बाकी तंतोतंत."

"मग तुमच्याच की!"

"सॉरेलमध्ये तसंच असतं, लिमये. प्रश्न तोच असला की उत्तर तेच निघतं. कुणीही काढलं तरी." आणि हसले. ते काही बरं हसणं नव्हतं.

रविवारी एकतीस मे. यमुनाबाई पांढरं पातळ नेसून विहारात निघाल्या, ओव्हाळ त्यांना घेऊन गेले, आणि गुडघ्यांमुळे त्यांना दोन्हीकडून धरावं लागतं म्हणून मीही गेलो. परतताना कर्वे पुतळ्यापाशी रिक्षाची वाट बघत उभे होतो. सात-साडेसात झाले असतील. इमारतींच्या मधून चंद्र वर येत होता, मोठा, जरा लालसर.

"हा बघ तुझा हरवलेला," यमुनाबाई म्हणाल्या. "मशीनला न्हाई दिसला. मला दिसतोय."

ओव्हाळ बघत राहिले. दोन रिक्षा थांबून निघून गेल्या, त्यांनी हात केला नाही. मग हळूच म्हणाले, मला नव्हे, आईलाही नव्हे बहुधा, "पाच दिवस आधी कळलं असतं तर परवानगी मुदतीत बसली असती." दोन दिवस स्वतःची चूक शोधण्यात गेले होते ते त्यांनी धरले होते. उरलेले तीन कुठले, मी विचारलं नाही.

परवानगी आली पंधरा जूनला, सोमवारी, म्हणजे पाच दिवस आधी कळूनही ती बसली नसतीच. सौरभने वर "अभिनंदन सर!" असं लिहिलं होतं, टाळ्यांच्या तीन चित्रांसकट. ओव्हाळांनी ते मला गेटपाशी फोनवर दाखवलं, बसमधून उतरलेले, डबा खांद्याला. शब्दन् शब्द नीट होता. कंपनीने त्या तीन ओळींवरचा आपला हक्क आनंदाने सोडला होता. आमच्याकडचे शेवटचे अनारसे मी त्यांना नेऊन दिले. त्यांनी एक खाल्ला, उरलेले वहिनींना दिले, आणि पिशवी घडी करून परत केली.

पक्की आवृत्ती एकोणीस तारखेला आली. माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात एक ओळ: ज्या कालगणनेत महिना पुन्हा येतो तिथे आता दोन्ही मिळतील. नावांची यादी एकशे सत्तेचाळीस. चिलीची मुलगी त्र्याऐंशीवी. ओव्हाळ कुठेच नाहीत. कारण नियम सरळ आहे, ज्यांच्या ओळी गेल्या त्यांचंच नाव. ही यादी मी स्वतः वाचली, माझ्या फोनवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ओ पाशी मीही थांबलो.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी मी रोजच्यासारखा टेकडीवरून घामाघूम होऊन उतरत होतो, आणि ओव्हाळ दुधाच्या पिशव्या घेऊन समोरून येत होते. डोळे लाल. विचारलं तर म्हणाले, नवी आवृत्ती पहाटे उतरवून घेतली, पौर्णिमांचा प्रोग्राम चालवला, तेराच्या तेरा आल्या. पुढच्या चाचणीची तारीखही लागलीय, ऑक्टोबरात. रजा आत्ताच टाकून ठेवतो.

माझं डोकं फिरलं. महिनाभर ह्या माणसाच्या चपलांचे आवाज मोजले होते मी.

"अहो ओव्हाळ," मी रस्त्यातच सुरू केलं, "अठ्ठावीस वर्षं! नोकरी त्या भाषेने दिली नाही. चूक तुम्ही शोधली, पत्र तुम्ही लिहिलं, पंचांग माझं गेलं, आणि नाव लागलं चिलीच्या पोरीचं. तुमच्या नावाचा ओ सुद्धा नाही कुठे. आणि तुम्ही पुन्हा रजा टाकताय? कशाला?"

ओव्हाळांनी दुधाच्या पिशव्या ह्या हातातून त्या हातात घेतल्या. माझ्या बुटांकडे बघितलं, चिखलाने माखले होते. मग म्हणाले,

"लिमये, तुम्ही तीस वर्षं रोज टेकडीवर जाताय. वर तुमच्या नावाची पाटी लागली का? मग उद्या जाणार नाही का तुम्ही?"